दादाचा चेलो, माझा कॉम्प्युटर

माझ्या दादाला काहीही विचारा, उत्तर एकच येतं: बघू. जेवलास का, बघू. डॉक्टरकडे कधी जायचं, बघू. हातातला चेलो कधी पुरा होणार, बघू. एकदा मी वैतागून त्याचं वय विचारलं, तर त्यालाही तो दोन क्षण थांबला, आणि मला खरंच भीती वाटली की आता हा तेच म्हणणार. असा माणूस एका जागी बसून बेचाळीस वर्षं वाद्यं करतो आणि लोक ती घेऊन जाऊन वाजवतातही, हे मी त्याची सख्खी बहीण नसते तर मला खरं वाटलं नसतं.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा. चार तारा, दोन जाड, दोन बारीक. वरची फळी जाडजूड लाकडातून आतून-बाहेरून कोरून पातळ करायची, मधे फुगीर, कडेला उतरती, आणि सगळा आवाज त्या फळीत. जाडी कुठे किती ठेवायची यातच खरी मेख आहे. ती मेख एकदाची कागदावर उतरवून ठेव, असं मी त्याला वीस वर्षं सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याची खोली लाँड्रीच्या मागे आहे. लाकडाला दमट हवा चालत नाही हे कुठल्याही सुताराच्या पोराला माहीत असतं, तरी माझ्या भावाने शोधून शोधून लाँड्रीला लागून खोली घेतली. का, तर उजेड चांगला येतो. पलीकडून दिवसभर इस्त्रीच्या वाफेचे फुसकारे ऐकू येतात आणि त्या भिंतीला हा एक फळी टेकवू देत नाही, म्हणजे खोलीची एक अख्खी भिंत बाद. उरलेल्या भिंतींवर पटाश्या, रंधे, शिकंजे, आणि कशाच्या तरी कामाला येतील म्हणून ठेवलेले लाकडाचे तुकडे, जे आजवर कशाच्याही कामाला आलेले नाहीत. मधोमध मोठं टेबल. खिडकीच्या बाजूला दादाचं स्टूल, समोर वहिनीचं. ती तिथे बसून हत्यारांना धार लावायची, सरस गरम करायची, हवं ते हाताशी द्यायची. घर वरच्याच मजल्यावर, त्यामुळे दोघं दिवसातून दहा वेळा जिना चढायचे-उतरायचे आणि गुडघे दुखतात म्हणून कुरकुरायचे.

मी पंपांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ड्रॉइंग काढायचं काम केलं. आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. कारखाना दुसरीकडे गेला तेव्हा मी घरी बसले. आमच्या धंद्यात ज्याला माप नाही ती वस्तूच नाही. दादा मला इंजिनीअरीणबाई म्हणतो. मी डिप्लोमावाली आहे हे त्याला चांगलं माहीत आहे. वहिनी मात्र अजून मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तिला पहिल्यापासून अगं-तुगं करते, आणि हा उलटा कारभार बदल म्हणून सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ती हो म्हणते आणि पुढच्या वाक्यात पुन्हा वन्सं.

गेल्या वर्षी प्रकरण गळ्याशी आलं. दादाने दोन वर्षांत एकही चेलो पुरा केला नव्हता. भिंतीला तीन फळ्या उभ्या होत्या, तिन्ही अर्ध्या कोरलेल्या. अर्ध्या म्हणजे अगदी मोजून अर्ध्या: मधल्या जोडापासून एक बाजू तयार आणि दुसरी कोरी करकरीत. एक काम धड पुरं करायचं सोडून हा माणूस तीन कामं अर्धी करून ठेवतो, असं मी दोघांच्या तोंडावर म्हणाले. दादा म्हणाला, बघू. वहिनी गरम पाण्याच्या भांड्यात हात धरून बसली होती. तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागून दोनेक वर्षं झाली होती. मला वाईट वाटायचं, पण घरकामाला बाई होती, तेव्हा फारसं काही अडत नसेल असं मी धरून चालले होते.

त्यातच लाँड्रीवाल्याला धंदा वाढवायला ती खोली हवी झाली. इमारत त्याच्या सासऱ्याची. तसा माणूस वाईट नाही, पण ज्या खोलीत दोन वर्षं काही तयार होत नाही ती रिकामीच म्हणायची, असं त्याचं म्हणणं. त्याच सुमारास संगीतशाळेच्या बाई आल्या. त्यांच्याकडे दादाचे तीन जुने चेलो होते, त्यातला एक त्या स्वतः एकोणीस वर्षं वाजवत होत्या. शाळेला वर्षभरात आणखी सहा हवे होते. समितीतले लोक कारखान्याच्या कॅटलॉगवर बोट ठेवून बसले होते. बाईंनी त्यांच्याशी भांडून मुदत मागून घेतली होती. सत्र संपायच्या आत दादाने एक नवा चेलो करून दाखवायचा. जुन्यासारखा वाजला तर पुढचे सहाही दादाकडे, नाही वाजला तर कॅटलॉग. लाँड्रीवालाही तेवढं थांबायला कबूल झाला. म्हणजे हे काम मिळालं तर खोली राहणार, नाहीतर हत्यारं खोक्यात आणि दादा वरच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजणार. बाईंना तो काय म्हणाला ते वेगळं सांगायला नको.

एका चेलोची पाठ, बाजू आणि मान तयार होती. अडलं होतं ते वरच्या फळीवर. म्हणून मीच पदर खोचला. जुन्या कारखान्यातल्या एकाकडून जाडी मोजायचं यंत्र आणलं, फर्निचरच्या कारखान्यातलं कॉम्प्युटरवर चालणारं कापणी यंत्र दोन दिवसांसाठी मिळवलं, आणि लॅपटॉप घेऊन दादाच्या टेबलावर ठाण मांडलं. भिंतीवर त्याचा सगळ्यात लाडका चेलो टांगलेला असतो, कोणालाही न दिलेला. त्याच्यावरूनच माप घ्यायचं ठरवलं. आत मण्याएवढं चुंबक सोडायचं आणि बाहेरून मीटर फिरवायचा, की त्या त्या जागची जाडी कळते. दादा दिवसभर माझ्या मागे मागे, जपून, जपून. शेवटी त्याने विचारलं, तुझा कॉम्प्युटर सगळं मोजतो ना? मी म्हटलं, सगळं.

ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला कळलंसुद्धा नाही. आमच्यात जी वस्तू दोन्हीकडे सारखी असते तिची अर्धीच बाजू काढतात आणि उरलेली अर्धी आरशात दिसेल तशी उलटून घेतात. कॉम्प्युटरवर त्याला बटण आहे. पंपाची झाकणं, चाकं, बैठका, सगळ्यांना मी अठ्ठावीस वर्षं ते बटण दाबत आले. चेलोची फळीही मधल्या जोडाच्या दोन्हीकडे सारखीच दिसते. त्यात बारीक तारांची बाजू साफ, सुरेख उतरत गेलेली. जाड तारांच्या बाजूला पहिल्या पाच-सहा मापांतच उंचसखल लागलं, कडेजवळ तर एके ठिकाणी भलतीच पातळ. हाताचं काम, राहिलं असेल ओबडधोबड, म्हणून मी ती बाजू सोडून दिली. साफ बाजू मोजली, बटण दाबलं, आणि पडद्यावर इतकी देखणी फळी उभी राहिली की मी तिचा फोटो जुन्या मैत्रिणींना पाठवला.

यंत्राने फळी कापली ती तंतोतंत. दादाने ती हातात घेतली, अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाला, दोन्हीकडे माझाच हात लागतोय. मी ती शाबासकी समजले. वहिनीने फळी उचलून कानाशी धरली, सुजलेल्या बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाली, वन्सं, जरा बघता का, ही बाजू बोलत नाहीये. मी तिला समजावलं की यंत्र मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक कापतं. वर, तू नको काळजी करू, असंही म्हणाले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

फळी चिकटवली, तारा चढवल्या, आणि बाई वाजवून बघायला आल्या. त्यांनी बारीक तारांवर सुरुवात केली तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. मग त्या जाड तारांवर उतरल्या, थांबल्या, पुन्हा उतरल्या, गज बदलला, खुर्ची सरकवली. शेवटी गज मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "बारीक तारा अगदी तुमच्याच. जाड तारांना सूर आहे, पण तो दारापर्यंतसुद्धा जात नाही." त्या सभ्य बाई आहेत. सत्र संपायला अजून पाच आठवडे आहेत एवढंच बोलून गेल्या.

त्या गेल्यावर मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो सगळा दादावर. लाकूड वाईट निवडलंस, सरस पातळ केलास, लाँड्रीची वाफ लागू दिलीस. तो फळीकडे बघत बसला. मला वाटतं, त्या दिवशी त्याला स्वतःच्याच कानांची शंका आली असावी, कारण त्याने तो चेलो घेतला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता नुसती जाड तार छेडत राहिला. मला बोलणारा माणूस परवडतो, भांडणाराही परवडतो. हा मूग गिळून बसणारा माणूस मला कधीच परवडला नाही.

माझी खुमखुमी काही जिरली नव्हती. मी शाळेत गेले आणि तीन दुपारी बसून तिथले तिन्ही चेलो मोजले. या वेळी दोन्ही बाजू, बोटबोट अंतरावर. घरी येऊन दादाच्या लाडक्या चेलोचीही राहिलेली बाजू मोजली आणि चारही नकाशे पडद्यावर शेजारी शेजारी लावले. जाड तिथे तांबडा रंग, पातळ तिथे निळा. बारीक तारांची बाजू चारही वाद्यांची जवळपास सारखी, हे अपेक्षितच होतं. पण जाड तारांच्या बाजूचं ते ओबडधोबडही चारहींचं सारखंच. कडेजवळचा पातळ निळा पट्टा त्याच जागी, त्याच्या वरचा जाड टापू त्याच जागी. एक वाद्य एकोणीस वर्षांपूर्वीचं, एक सहा. चूक एकदा होते. तीच चूक चार वेळा त्याच ठिकाणी झाली तर तिला चूक म्हणत नाहीत, हे मला निदान माझ्या नोकरीने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप दादासमोर आपटला आणि विचारलं, हे काय आहे? त्याने पडद्यावरच अंगठा फिरवून पाहिला. मग म्हणाला, लाकूड मागतं तसं द्यायचं असतं. असल्या वाक्यांनी माझं डोकं उठतं. मी उठले, भिंतीची एक अर्धी फळी आणली, शिकंज्यात बसवली, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तो पट्टा काढला आणि म्हटलं, मग दे. माझ्यासमोर दे. मला बघायचंय.

तो बसला. पटाशी घेतली. त्या बाजूला लाकडाच्या रेषा उजव्या हाताच्या उलट पडत होत्या. त्याने शिकंजा सोडून फळी फिरवली, तर उजेड पाठीमागून यायला लागला. पुन्हा फिरवली. पटाशी दोनदा अडकली, तिसऱ्यांदा एक टवका उडाला. बेचाळीस वर्षं चेलो करणारा माणूस, आणि त्याचा हात पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊसारखा अवघडलेला. मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, "थांबा. फाटेल ते." तिने टेबलावरून ओणवं होऊन त्याच्या हातातून पटाशी घेतली, डाव्या हातात, आणि समोरून, आपल्या बाजूने, एकच सालपट काढलं. लांब, सलग, कडेपर्यंत. मग तिची बोटं मिटेनात आणि पटाशी टेबलावर पडली.

 मग मी भिंतीकडे पाहिलं, उरलेल्या दोन अर्ध्या फळ्यांकडे. दोन्हींची तयार बाजू बारीक तारांची. कोरी बाजू जाड तारांची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याला. मी शाळेपर्यंत जाऊन तीन वाद्यं मोजून आले होते, आणि उत्तर रोज माझ्यासमोर स्टुलावर बसत होतं.

वहिनीने सगळं सांगितलं ते पाण्यात हात धरून, अगदी बाजारात काय आणलं ते सांगावं तसं. लग्न होऊन आली तेव्हा दादा एका फळीसाठी दिवसातून वीस वेळा शिकंजा सोडायचा आणि आवळायचा, कारण एका बाजूला उजवा हात चालायचा, दुसऱ्या बाजूला नाही. ती डावखुरी. एवढी फिरवाफिरवी कशाला, इकडची बाजू मी काढते, असं ती एक दिवस म्हणाली. तिसऱ्या चेलोपासून कोणी काही म्हणायचंही बंद झालं. तो आपल्या बाजूने कोरायचा, ती आपल्या. मधल्या जोडाशी दोघांच्या पटाश्या भेटायच्या. जाड तारांना काय हवं ते तिने ऐकून ऐकून ठरवलं होतं, दादाने त्यात कधी नाक खुपसलं नव्हतं. आणि मी माझ्या बटणाने एकाचीच बाजू दोन्हीकडे लावून दिली होती.

मी दादाला विचारलं की हे तू मला सांगितलं का नाहीस. तेव्हा तो वहिनीकडे बघायला लागला. उत्तर तिनेच दिलं. "मीच नको म्हटलं होतं. माझी बोटं गेली हे कळलं असतं, तर कोण आलं असतं आपल्याकडे?"

"आणि बोटं जायच्या आधीची सदतीस वर्षं?" मी म्हटलं.

दादा म्हणाला, "कोणी विचारलं नाही."

प्रत्येक वाद्याच्या आत चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर नाव याचं एकट्याचं, आणि वर म्हणे कोणी विचारलं नाही. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलता बोलता मलाच कळत होतं की यातला निम्मा राग माझ्या वाट्याचा आहे. एकोणचाळीस वर्षं मी त्या खोलीत जातेय. वहिनीच्या डाव्या हातात पटाशी मी शेकडो वेळा पाहिली होती, आणि दर वेळी मला वाटलं होतं की ती दादाला द्यायला धरलीय. स्वतः नोकरी करणारी, पुरुषांच्या कारखान्यात मान वर करून वावरलेली बाई मी. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो.

चार आठवडे उरले होते. आवाज बसलेल्या त्या चेलोची फळी दादाने गरम सुरीने सरस सोडवून काढली. मी नवं ड्रॉइंग केलं, बटण न दाबता. एक बाजू दादाची, एक वहिनीची, चारही वाद्यांवरून ताडून पाहिलेली. मला वाटलं, आता ही खूश होईल. तिला पडद्यासमोर बसवलं, तिचा चष्मा शोधून दिला आणि म्हटलं, वहिनी, ही बघ, ही तू.

ती पडद्याजवळ सरकली. निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, इथे मला नेहमीच थोडं जास्त काढावंसं वाटायचं. मग तिने चष्मा काढला. "म्हणजे हे आता यात राहिलं," ती म्हणाली. "मी नसले तरी चालेल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्तच लागलं. ड्रॉइंग कशासाठी असतं, तर माणूस नसला तरी काम अडू नये म्हणूनच असतं. हेच मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आले होते. आणि दादा? तो उठून बाहेर गेला आणि लाँड्रीवाल्याशी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला. बायकोला काही म्हणायची वेळ आली की या माणसाला नेमकी हवा आठवते.

नवी फळी त्याच यंत्रावर कापून आली. मी म्हटलं, चिकटवा. वहिनीने टकटक करून पाहिलं आणि म्हणाली, अजून नाही. मी तिला पुन्हा दशांश मिलिमीटर सांगायला गेले नाही, एवढी अक्कल मला तोवर आली होती. मापं होती जुन्या फळ्यांची, आणि ही फळी त्यांच्याहून कडक. आता तिला हवं तिथे दादाने पोलादी पट्टीने खरवडायचं असं ठरलं. त्यासाठी तो टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन बसला. ती टकटक करायची, कान लावायची, बोट ठेवायची, तो खरवडायचा. एवढं नको, पुसल्यासारखं काढा. अहो, तिथे नाही, इकडे. कान कुठेत तुमचे? मी शेजारी बसून प्रत्येक जागा नकाशावर टिपत होते, काही नियम सापडतो का ते बघायला. नऊ दिवस टिपलं, नियम सापडला नाही. तुला कळतं कसं, असं विचारलं तर वहिनी म्हणाली, कळतं. त्यापेक्षा दादाचं उत्तर परवडलं. दहाव्या दिवशी सत्र संपायला जेमतेम आठवडा राहिला होता, आणि तेव्हा ती म्हणाली, आता लावा.

बाई सत्राच्या शेवटच्या दिवशी आल्या. त्यांनी या वेळी सुरुवातच जाड तारेपासून केली. मी टेबलावर कोपर टेकून उभी होते. तो सूर लाकडातून थेट माझ्या कोपरात आला. पलीकडे लाँड्रीत कोणीतरी इस्त्री खाली ठेवली. बाई वाजवत राहिल्या, चांगला अर्धा तास, आणि आम्हाला विसरल्या. थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "हा. हाच हवा होता."

मग त्यांनी पिशवीतून समितीचा कागद काढला. सहा चेलो, एका वर्षात. आता तुमच्याकडे यंत्रही आहे, तेव्हा वर्ष जड जाऊ नये, असं त्या हसत म्हणाल्या. मी घाईघाईने म्हटलं, छे, मुळीच नाही. आणि माझा भाऊ, ज्याने जन्मात कोणाला आकडा म्हणून दिला नव्हता, तो म्हणाला, "तीन होतील."

बाईंचा पेन थांबला. समितीला सहाच हवे होते. तीन म्हणजे कॅटलॉग, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी दादाच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला आणि तो बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"ही बाजू मी करतो," त्याने फळीवर हात ठेवून सांगितलं. "ती बाजू हिची. लग्न झाल्यापासून सगळ्या चेलोंची हिचीच. तुमच्याकडच्या तिन्हींची. हिची बोटं आता चालत नाहीत. यंत्र कापून देईल, मी खरवडेन, पण झालं की नाही ते हिलाच कळतं. ते कॉम्प्युटरात नाहीये, माझ्यातही नाहीये. हिला वर्षाला तीन झेपतील. तेवढेच होतील."

बाई वहिनीच्या हातांकडे बघायला लागल्या. वहिनीने ते पदराखाली घेतले. मला त्या क्षणी दादाचे पाय धरावेसे वाटत होते आणि त्याचा गळाही धरावासा वाटत होता. जे लपवायचं म्हणून दोन वर्षं त्याने स्वतःचं हसं करून घेतलं, ते त्याने सांगितलं कधी, तर पेन कागदावर टेकलेला असताना. खोली गेली, हत्यारं खोक्यात गेली, असं मी मनाशी धरलंसुद्धा.

"सहा होतील," वहिनी म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिने हात पदराखालून काढून टेबलावर ठेवले, सुजलेल्या पेरांसकट, बाईंना नीट दिसतील असे.

"दोन महिन्यांत एक मला सहज होतो," ती बाईंना म्हणाली. "बोटं दुखतात माझी. कान नाही दुखत."

एकोणचाळीस वर्षांत त्या खोलीत आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाने वहिनीला, पाणी मिळेल का, यापलीकडे काही विचारलं नव्हतं. बाईंनी कागदावर सहाचा आकडा लिहिला. मग त्यांनी मान वर केली, दादाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच, आणि वहिनीला विचारलं, "मग पहिला न्यायला कधी येऊ?"